घरांतील रुपेरी पडदा

चित्रपटाला ‘रुपेरी पडदा’ म्हणण्याची रूढी मराठींत पडून आतां पुष्कळ वर्षें झालीं. ऐकणाराला हा शब्द केवळ आलंकारिक वाटतो. परंतु त्यांत अलंकाराचा भाग थोडा आणि रंगाच्या डब्याचा भाग अधिक आहे. मूकपटांच्या काळीं प्रक्षेपकाचे दिवे आजच्या मानानें मंद असत. त्या मंद प्रकाशांतला जास्तींत जास्त भाग प्रेक्षकांच्या डोळ्यांकडे परतावा म्हणून पडद्यावर धातूची पूड घातलेला चकचकीत रंग देत. इंग्रजींत त्यावरून जें नांव पडलें, तेंच भाषांतरित होऊन इकडे रुळलें. रुपेरी रंग देण्यांत शोभेचा हेतु नव्हता. काटकसर मात्र होती.

आज तोच प्रश्न चित्रगृहांतून उठून दिवाणखान्यांत आला आहे. प्रक्षेपक, म्हणजे ज्याला घराघरांत प्रोजेक्टर म्हणतात तें यंत्र, शहरांतल्या पुष्कळ कुटुंबांत आलें आहे. यंत्र घरीं आलें, मेजावर ठेवलें, दिवे मालवले, आणि मग सर्वांच्या ध्यानांत येतें कीं, चित्र कशावर पाडावयाचें याचा विचार कोणींच केलेला नाहीं. पहिले कांहीं दिवस भिंतीवरचें कॅलेंडर काढून काम भागतें. पुढें भिंतीचे उंचवटे नटनटींच्या चेहऱ्यांवर दिसूं लागतात. विकतचा उत्तम पडदा पाहावा, तर त्याची किंमत कित्येकदां यंत्राच्या किमतीच्या घरांत जाते. अशा वेळीं कोणी तरी सुचवितो कीं, पडदा घरींच रंगवावा. सूचना योग्य आहे; एक लिटर रंगांत तो होतो. मात्र रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पडद्याचें काम काय, हें समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर एक लिटर रंगाबरोबर चार सुट्यांचे दिवसही फुकट जातात.

पडदा प्रकाश उत्पन्न करीत नाहीं. यंत्राकडून जेवढा प्रकाश येईल तेवढाच त्याला वांटावयाचा असतो, आणि त्यांतलाही थोडा तो स्वतः गिळतो. वांटणीची रीत मात्र पडद्यापडद्यागणिक वेगळी असते. आरशावर पडलेला किरण एकाच दिशेनें परततो. खडूच्या तुकड्यावर पडलेला किरण सर्व दिशांना विखुरतो, म्हणून खडू कोठूनही पाहिला तरी सारखाच पांढरा दिसतो. अशा आदर्श विखुरणाऱ्या पृष्ठभागाचा नियम योहान हाइनरिख लँबर्ट या शास्त्रज्ञानें १७६० सालीं आपल्या प्रकाशमापनावरील ग्रंथांत मांडला, आणि पडद्याची उजळी मोजण्याच्या ‘फूट-लँबर्ट’ या एककांत त्याचें नांव अजून टिकून आहे. आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाची उजळी एक धरून इतर पडदे त्याच्याशीं ताडून पाहातात. या आंकड्याला व्यापारी ‘गेन’ म्हणतात. एखाद्या पडद्याचा गेन दीड आहे असें विक्रेता अभिमानानें सांगतो, तेव्हां त्याचा अर्थ एवढाच कीं, समोर बसणाराला दीडपट उजेड मिळेल आणि बाजूच्या खुर्चीवरील मंडळींच्या वांट्याचा तेवढा कमी होईल. घरांतल्या पडद्यासमोर एकच मनुष्य बसणार असेल तर हा व्यवहार परवडतो. आजी एका कोपऱ्यांत आणि मुलें दुसऱ्या कोपऱ्यांत अशी बैठक असेल, तर खडूसारखा निःपक्षपाती पृष्ठभागच बरा.

खडूसारखा पृष्ठभाग मिळविणें आज अवघड नाहीं. पूर्वीं पांढऱ्या रंगासाठीं सफेता वापरीत. पहिल्या महायुद्धानंतर टिटॅनियम डायऑक्साइड हें द्रव्य प्रचारांत आलें, आणि आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांचें बळ त्यांतच असतें. प्रकाश वांकविण्याची त्याची शक्ति असाधारण आहे; त्याच्या कणांत शिरलेला किरण पुनःपुन्हां वांकून बाहेर फेंकला जातो. अशा द्रव्याचा, अजिबात चकाकी नसलेला पाण्याचा इमल्शन रंग, ज्याच्या डब्यावर ‘मॅट’ असें लिहिलेलें असतें, तो पडद्याला उत्तम. ‘सिल्क’, ‘सॅटिन’, ‘शीन’ हे शब्द ज्या डब्यावर असतील तो डबा दिवाणखान्याच्या भिंतींना शोभेल. पडद्याला तो वर्ज्य समजावा. नुसत्या नांवावर विश्वास नसेल तर लांकडाच्या एका तुकड्यावर रंग लावून वाळूं द्यावा, आणि अंधाऱ्या खोलींत त्यावर विजेरीचा झोत अगदीं तिरपा टाकून समोरच्या बाजूनें पाहावें. झोताचें प्रतिबिंब पृष्ठभागावर तरळलेलें दिसलें, तर चित्रांतही यंत्राच्या भिंगाचा ठिपका मध्यभागीं तरळणार, हें निश्चित.

दुसरी एक बाब आपल्याकडच्या सवयींतून आली आहे. चुन्यांत नीळ घालण्याची चाल जुनी आहे. निळसर छटेचा पांढरा रंग डोळ्याला अधिक शुभ्र वाटतो, म्हणून धोब्याच्या कपड्यांप्रमाणें भिंतीलाही नीळ लागते. आजच्या तयार पांढऱ्या रंगांतही कित्येकदां अशी छटा योजलेली असते. भिंतीवर ती खपते. पडद्यावर खपत नाहीं, कारण चित्रांतला प्रत्येक रंग त्या छटेंतून गाळून डोळ्याकडे येतो. चेहरे मलूल दिसतात आणि दोष यंत्राला दिला जातो.

आतां थोडा हिशेब. बाजारांत फळी अथवा पत्रा बहुधा आठ फूट लांब व चार फूट रुंद मापाचा मिळतो. आजच्या चित्राचें प्रमाण सोळास नऊ. शंभर इंची चित्राचा मोह बहुतेकांना असतो; पण शंभर इंच हा कर्ण आहे, आणि त्या चित्राची उंची एकोणपन्नास इंच होते. चार फुटांची फळी अठ्ठेचाळीस इंचांची! एका इंचासाठीं दोन फळ्यांचा सांधा करावयाचा, आणि तो सांधा जन्मभर चित्राच्या कांठावर पाहावयाचा, यापेक्षां नव्वद इंचांवर समाधान मानलेलें बरें. नव्वद इंची चित्र साधारण साडेअठ्ठ्याहत्तर इंच रुंद व चव्वेचाळीस इंच उंच असतें. म्हणजे वर-खालीं दोन दोन इंच काळ्या किनारीला उरतात आणि लांबींतलें जास्तीचें लांकूड कापून टाकतां येतें.

या चित्राचें क्षेत्र चोवीस चौरस फूट. आधुनिक डिजिटल चित्रगृहांत पांढऱ्या पडद्याची उजळी चौदा फूट-लँबर्ट असावी असें प्रमाण ठरलेलें आहे. चोवीस गुणिले चौदा, म्हणजे ३३६. गेन एक असेल तर इतके ल्यूमेन पडद्यावर प्रत्यक्ष पोंचले कीं चित्रगृहाइतका उजेड घरांत मिळतो. चांगलें यंत्र रंग बिघडूं न देतां हजार ल्यूमेन देत असेल, तर पडद्यावर चाळिसाहून अधिक फूट-लँबर्ट पडतात; गरजेच्या जवळजवळ तिप्पट. यावरून स्पष्ट होतें कीं, घरच्या लहान पडद्याला प्रकाशाची चणचण क्वचितच असते. मग घरचें चित्र चित्रगृहाच्या चित्रासारखें कां दिसत नाहीं? वांण असते ती काळोखाची.

प्रोजेक्टरला काळा रंग पाडतां येत नाहीं. लाल, हिरवा, निळा प्रकाश तो टाकतो. काळ्या जागीं तो फक्त प्रकाश अडवितो. नायिकेचे केस, रात्रीचें आकाश, विहिरीचा तळ, हें सर्व पडद्यावर ज्या रंगाचें दिसतें तो रंग खोलीच्या काळोखांतला पडदा. खोलींत थोडा उजेड असला कीं केस राखी होतात आणि रात्र धुक्याची होते. जत्रेंतले तंबूवाले हें पक्कें जाणून होते. त्यांचा पडदा साध्या पांढऱ्या कापडाचा. पण अंधार दाटल्याशिवाय ते खेळ सुरू करीत नसत. घरांतला प्रेक्षक मात्र खिडक्यांचे पडदे ओढून घेतो आणि अंधार झाला असें मानतो. प्रत्यक्षांत सर्वांत मोठा चोर खोलीच्या आंतच असतो. पडद्यावरून निघालेला प्रकाश पांढऱ्या छतावर व फिकट भिंतींवर आपटतो आणि त्यांतला कांहीं भाग पुन्हां पडद्यावर येऊन पडतो. दृश्यांत एका बाजूला उन्हांतलें मैदान असलें, कीं दुसऱ्या बाजूची गुहा त्यामुळें फिकी पडते.

करड्या पडद्याची कल्पना येथूनच निघाली. पडदा थोडा करडा रंगविला तर काळा अधिक काळा दिसतो, असें सांगतात. हें अर्धें खरें आहे, आणि कोणतें अर्धें, तें आंकड्यांनीं पाहाण्यासारखें आहे. समजा, पांढरा पडदा शंभरांतला नव्वद भाग प्रकाश परत देतो आणि करडा साठ. समजा, पडद्यावरून निघालेल्या प्रकाशाचा एकदशांश भाग भिंतींवरून परत येतो. यंत्रानें शंभर भाग टाकले. पांढऱ्यानें नव्वद परत केले. भिंतींनीं त्यांतले नऊ परत आणले. पडद्यानें त्यांतले आठ, थोडेसे अधिक, पुन्हां डोळ्याकडे पाठविले. हे आठ म्हणजे चित्रावरची मळी. आतां करडा पडदा घ्यावा. त्यानें साठ परत केले, भिंतींकडून सहा आले, त्यांतले साडेतीनच पुढें गेले. चित्र नव्वदाचें साठ झालें, म्हणजे दोन-तृतीयांश. पण मळी निम्म्याहूनही कमी झाली. याचें कारण उघड आहे: चित्राचा प्रकाश करड्या रंगाला एकदांच भेटतो, तर भिंतीवरून फिरून आलेला प्रकाश त्याला दोनदां भेटतो आणि दोनदां जकात देतो.

परंतु खिडकींतून येणारा उजेड, अथवा शेजारच्या खोलींतला दिवा, पडद्याला एकदांच भेटतो. चित्राचे शंभर भाग व खिडकीचे दहा असले, तर पांढऱ्यावर नव्वदास नऊ आणि करड्यावर साठास सहा, प्रमाण तेंच. बाहेरच्या उजेडावर करडा रंग हा इलाज नव्हे. ‘दिवसाही चित्र पाहातां यावें’ म्हणून पडदा करडा करणारा गृहस्थ काळोख विकत न घेतां नुसता उजेड विकून टाकतो. दिवसाच्या प्रकाशासाठीं म्हणून जे महाग पडदे कारखान्यांत तयार होतात, त्यांच्या पृष्ठभागावर बारीक कोरीव कडा असतात. वरून येणारा दिव्याचा प्रकाश त्या अडवितात आणि यंत्राच्या बाजूनें येणारा परत करतात. डब्यांतल्या रंगाला दिशा ओळखतां येत नाहीं, म्हणून तो गुण रंगानें कधींही साधावयाचा नाहीं, मग डब्यावर कांहींही छापलेलें असो.

आणि याच हिशेबांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पडदा पांढराच ठेवून भिंती व छत गडद केलें, आणि परत येणारा प्रकाश एकदशांशाऐवजीं एक-चाळिसांश झाला, तर मळी आठांवरून दोनांवर येते. करड्या पडद्यानें जें साधलें त्याहून हें अधिक, आणि चित्राचा एक भागही न गमावतां! म्हणून पडद्यासाठीं आणलेला पैसा प्रथम पडद्याच्या भोंवतीं खर्च करावा. सबंध दिवाणखाना काळा करण्याची मात्र जरूर नाहीं, आणि कोणती गृहिणी तशी परवानगीही देणार नाहीं. पडद्याला लागून असलेल्या बाजूच्या भिंती व त्याच्या पुढचे चार-पांच फूट छत एवढाच भाग सर्वांत अधिक प्रकाश परत करतो. बाजूंना सळईवर गडद तपकिरी अथवा निळ्या जाड कापडाचे पडदे लावून खेळाच्या वेळीं तेवढे ओढले, तर दिवसाचा दिवाणखाना होता तसाच राहातो. छताचा प्रश्न अधिक बिकट. परंतु तेवढ्या पट्ट्याला मळकट गडद रंग दिला तरी पाहुणे सहसा छताकडे पाहात नाहींत. हें जेथें शक्य नसेल, भाड्याच्या घरांत अथवा वडीलमाणसांच्या विरोधामुळें, तेथें करड्या पडद्याकडे वळावें. आणि यंत्र हजार ल्यूमेनच्या आसपासचें असेल तरच. दोन-तीनशें ल्यूमेनच्या लहान यंत्रापुढें पडदा पांढराच हवा.

करड्या रंगाची निवड हें नाजूक काम आहे. साठ टक्के प्रकाश परत देणारा करडा डोळ्याला फार फिका दिसतो. मन्सेलच्या रंगमापनांत तो जवळजवळ आठव्या पायरीवर बसतो. दुकानांत ज्याला सहज ‘ग्रे’ म्हणून देतात तो याहून पुष्कळ गडद असतो. पांढऱ्यांत नुसता काळा स्टेनर घातला तर येणारा करडा निळसर होतो. काजळीचा हा स्वभावच आहे. त्याला पिवळ्या ऑक्साइडचा, म्हणजे जुन्या भाषेंत पिवडीचा, अगदीं थेंबाथेंबानें हात द्यावा लागतो. छायाचित्रकार वापरतात तें करडें कार्ड शेजारीं धरून, दोहोंवर यंत्राचा पांढरा प्रकाश टाकून, छटा ताडून पाहावी. आणि तीही रंग पूर्ण वाळल्यावर, कारण ओला इमल्शन रंग वाळल्यावर निराळाच दिसतो. सर्व हातांना पुरेल इतका रंग एकदमच मिसळावा. दुसऱ्या दिवशीं तीच छटा पुन्हां जमविण्यांत पुष्कळांनीं रविवार घालविलेले आहेत.

पडदा भिंतीवरच रंगवावा कीं फळीवर? भिंत आंतली, सपाट आणि कोरडी असेल तर फळीचा खर्च वांचतो. मुंबईंत व कोंकणांत बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यांत ओल येते, पुट्टी फुगते आणि क्षार फुटतात. तेथें फळीच बरी. एम.डी.एफ. फळी गुळगुळीत असते, पण ओलीनें कडांपाशीं फुगते, म्हणून तिच्या चारही कडा व पाठ प्रायमरनें बंद कराव्या. प्लायवुडला लांकडाच्या रेषा असतात, त्या पुट्टीनें भराव्या लागतात. पृष्ठभागाच्या सपाटीवर जितकी मेहनत करावी तितकी थोडी. एक सरळ पट्टी उभी, आडवी व तिरपी ठेवून खालून उजेड झिरपतो कीं काय तें पाहावें. विशेषतः भिंतीच्या अगदीं जवळ ठेवावयाची नवीं यंत्रें ज्यांच्या घरीं आहेत त्यांनीं हें विसरूं नये. त्यांचा प्रकाश खालून इतका तिरपा येतो कीं सायंकाळच्या उन्हांत मैदानांतले खडे सांवल्या टाकतात तसे भिंतीचे बारीक फुगवटेही चित्रावर सांवल्या टाकतात.

पुट्टी वाळल्यावर पॉलिशपेपरनें घासून, ओल्या फडक्यानें धूळ पुसून, प्रायमरचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर दोनशें वीस नंबरच्या कागदानें हलकेंच घासावें आणि मग रंगाचे दोन किंवा तीन हात द्यावे. कुंचला वापरूं नये. त्याच्या केसांच्या रेघा चित्रांत दिसतात. आखूड लवेचा रोलर घ्यावा, आणि वापरण्यापूर्वी तो धुऊन वाळवून त्याची सुटी लव काढून टाकावी. एका टोंकापासून सुरुवात करून प्रत्येक पट्टा आधींच्या ओल्या पट्ट्यावर थोडा चढवीत जावें आणि मध्यें थांबूं नये. टेलिफोन वाजला तर वाजूं द्यावा. प्रत्येक पट्टा भरल्यावर रोलर न दाबतां वरून खालीं एकाच दिशेनें शेवटचा फिरवावा. काम चालू असतांना पंखा बंद असावा, नाहीं तर कडा लवकर वाळून पट्टे उमटतात. दोन हातांमध्यें एक दिवस जाऊं द्यावा, पावसाळ्यांत दोन. अर्धवट सुकलेल्या जागीं राहिलेला डाग रोलरनें सुधारण्याचा मोह टाळावा. तो वाळूं द्यावा, घासावा आणि पुढच्या हातांत झांकावा.

किनारीला काळा रंग चालतो, पण काळें मखमल त्याहून फार सरस. मखमलीच्या उभ्या लवेंत शिरलेला प्रकाश बाहेर पडतच नाहीं, त्यामुळें चित्राचा कांठ इंचाचा आठवा भाग बाहेर गेला असला तरी तो तेथेंच गडप होतो. पातळ लांकडी पट्ट्यांना मखमल डकवून त्या फळीवर बसविल्या कीं पडद्याला घडीव रूप येतें.

राहातां राहिला तो चांदीचा मोह. अल्युमिनियमची पूड अथवा अभ्रक घातलेले रंग आजही मिळतात, आणि जुन्या रुपेरी पडद्याची आठवण देऊन ते विकतां येतात. धातूच्या चपट्या कणांवरून प्रकाश बराचसा आरशासारखा परततो; त्यामुळें मधला भाग उजळ, कडा मंद, आणि बाजूनें पाहाणाराला सर्वच मंद, अशी स्थिति होते. शिवाय रोलर ज्या दिशेनें फिरला त्या दिशेनें ते कण निजतात आणि पांढऱ्या दृश्यावर प्रत्येक पट्टा वेगळा ओळखूं येतो. त्रिमिति चित्रपट दाखविणारीं कांहीं चित्रगृहें रुपेरी पडदा अजून ठेवतात, पण त्याचें कारण निराळें आहे. तेथें दोन डोळ्यांची दोन चित्रें प्रकाशाच्या ध्रुवीकरणानें वेगळीं राखलेलीं असतात. खडूसारख्या पृष्ठभागावर विखुरतांना तें ध्रुवीकरण नाहींसें होतें, धातूवर टिकतें. घरच्या साध्या यंत्राला ही गरज नाहीं.

पडदा तयार झाल्यावर निदान आठवडाभर त्याला हात लावूं नये. मॅट रंगाचा पृष्ठभाग कच्चा असतो. ओल्या फडक्यानें घासलेली जागा तेवढीच तुळतुळीत होऊन चकाकूं लागते. धूळ मऊ पिसांच्या झाडणीनें झाडावी. लहान मुलांच्या बोटांचे ठसे उमटलेच, तर ते पुसण्याच्या खटपटींत न पडतां वर्षा-दोन वर्षांनीं रंगाचा एक पातळ हात सबंध पडद्यावर पुन्हां द्यावा. डब्याच्या तळाशीं उरलेला रंग त्यासाठीं झांकण घट्ट लावून ठेवलेला असावा.